पाण्याच्या पंपाचा कार्बोरेटर : पडवीतल्या नोंदी

२५ ऑक्टोबर २०२५, शनिवार

परवा भाऊबीज झाली, काल पाहुणे गेले. आज सकाळीच मांगरातून पेट्रोलचा पंप बाहेर काढला. दोन इंची पंप, १६३ सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन. घरामागच्या वाडीला विहिरीवरची मोटर पुरते, पण पऱ्याकडच्या, म्हणजे ओढ्याकडच्या सुपारीपर्यंत वीज पोचलेली नाही. तिथे हाच पंप. जमिनीतली ओल ओसरली की शिंपणं सुरू, म्हणजे हातात तीन-चार आठवडे. मी नोकरीमुळे घरी शनिवार-रविवारीच असतो, तेव्हा दिवस धरले तर सातआठच.

दोरी वीस-बावीस वेळा ओढली. इंजिनाने साधी उचकीसुद्धा दिली नाही. प्लग काढला तर कोरडा ठाक. प्लगच्या भोकापासून लांब, इंजिनाच्या बॉडीला टेकवून दोरी ओढली, ठिणगी निळी आणि जोरकस. म्हणजे करंट आहे, पेट्रोल पोचत नाही. टाकीखालच्या कॉकपासून येणारा पाइप कार्बोरेटरकडून सोडवला, पेट्रोल बाटलीत आलं. मग अडलंय ते कार्बोरेटरच्या आतच, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागात.

बाटलीतल्या पेट्रोलचा वास घेतला. पेट्रोलचा नव्हे, जुन्या वार्निशचा वास. मे महिन्याच्या शेवटी पंप ठेवला तेव्हा अर्धी टाकी तशीच राहिली होती. पाच महिने, तेही कोकणातल्या पावसाळ्याचे. ही चूक माझी आहे, ती इथे लिहून ठेवतो.

काका पडवीत येऊन बघून गेले. “कार्बोरेटर साफ करायचा स्प्रे मार नि चालू कर. उगाच उघडत बसू नको, शिंपणं तोंडावर आलंय.”

२६ ऑक्टोबर, रविवार

अंगणाच्या त्या टोकाला आंघोळीच्या पाण्याची चूल असते. ती विझून राख गार होईपर्यंत पेट्रोलच्या कामाला हात लावला नाही. पडवीच्या उघड्या बाजूला पाट टाकला, खाली स्टीलची परात. परात महत्त्वाची. स्प्रिंग किंवा पिन उडाली तर खणकन आवाज येतो आणि सापडते. शेणाच्या जमिनीवर पडली तर गेलीच.

सोडवण्याआधी मोबाइलवर सहा फोटो काढले. इंजिनाचा वेग राखणाऱ्या गव्हर्नरचा रॉड आणि त्याला लागून असलेली केसासारखी बारीक स्प्रिंग कुठल्या भोकात आहे, हे डोक्यात राहत नाही. एअर फिल्टर काढला, दोन दहा नंबरचे नट सोडले, कार्बोरेटर हातात आला. त्याच्या आणि इंजिनाच्या मधे काळा प्लॅस्टिकचा ठोकळा असतो, दोन्ही बाजूंना पॅकिंग. हा ठोकळा इंजिनाची उष्णता कार्बोरेटरकडे जाऊ देत नाही. त्याच्या एका बाजूला खाच आहे, ती कुठल्या तोंडाला होती तेही फोटोत घेतलं. सगळी पॅकिंग ज्या क्रमाने निघाली त्या क्रमाने दोऱ्यात ओवून खिळ्याला टांगली.

कार्बोरेटरच्या तळाला पेट्रोल साठायची वाटी असते, तिचा बोल्ट सोडला. आत चहाच्या चमचाभर काढा होता, रंग मधासारखा. तळाला पांढरी भुकटी, मिठाच्या पाण्याचं भांडं वाळल्यावर राहते तशी. वाटीतल्या पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता फ्लोट पिवळा पडलेला. मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा तुकडा, पितळेचा, पण हिरवट. उजेडाकडे धरला, भोकातून काहीच दिसेना.

इथे मी काकांचं ऐकलं. मेन जेट काढून तारेने मोकळा केला, सगळीकडे स्प्रे मारला, वाटी पुसली, जोडून टाकलं. इंजिन तिसऱ्या दोरीला सुरू झालं. सगळ्यांना आनंद झाला. पण चोक उघडला की वूऽऽम, वूऽऽम, वूऽऽम करत वर-खाली होऊन बंद. चोक अर्धा ठेवला तर चालतं.

चोक हवा अडवतो, म्हणून पेट्रोलचं प्रमाण वाढतं. चोकवरच चालणारं इंजिन सांगतंय की मला पेट्रोल कमी मिळतंय. आणि तो वूम-वूम गव्हर्नरचा असतो. मिश्रण पातळ म्हणून वेग पडतो, गव्हर्नर बटरफ्लाय झडप उघडतो, वेग वाढतो, गव्हर्नर बंद करतो, पुन्हा वेग पडतो. गव्हर्नर बिचारा आपलं काम करतोय. अशा वेळी पुष्कळ जण त्याचीच स्प्रिंग ताणून बसतात.

तारेबद्दल एक. जेटच्या भोकात पोलादी तार, सुई, टाचणी घालायची नाही. पितळ मऊ असतं, भोक ओरखडलं किंवा रुंदावलं की जेट फेकायचा. मी वायरीतला तांब्याचा एकच धागा वापरतो, ०.२ मिलीमीटरचा. त्याहून चांगली तंगूस, मासे पकडायची. टोक तिरकं कापलं की सरळ आत जाते आणि धातूला काही होत नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार

आठवडाभर ऑफिसात हाच विचार. मेन जेट मोकळा आहे, तरी पेट्रोल कमी का? कारण इंजिनाचा रेस कमी असताना पेट्रोल मेन जेटच्या मुख्य वाटेने येतच नाही, स्लो जेटमधून येतं. आणि स्लो जेट मी पाहिलाच नव्हता. खरं सांगायचं तर तो कुठे आहे हे मला दिसलंच नव्हतं.

या प्रकारच्या कार्बोरेटरला स्लो जेट वरच्या बाजूला असतो, काळ्या प्लॅस्टिकच्या टोपीचा, हरभऱ्याच्या डाळीएवढा. बघणाऱ्याला तो बूच वाटतो. त्याच्या डोक्यावर स्लो कमी-जास्त करायच्या स्क्रूने दाब दिलेला असतो, म्हणून स्क्रू पूर्ण काढल्याशिवाय तो निघतच नाही. स्क्रू काढला, बारीक पेचकसाने टोपी हलके उचकली, वर आली. गळ्याला ओरिंग, टोकाला पितळेचं टोक, त्यात भोक. भोक म्हणजे काय, केसाला वाट. मोबाइलचा टॉर्च मागे धरला. अंधार.

तांब्याचा धागा चार वेळा वाकला. मग जेट पेट्रोलमध्ये तासभर बुडवून ठेवला आणि तंगूस घातली. काहीतरी करकरीत लागलं, मग एकदम सुटलं. पुन्हा टॉर्च धरला. गोल, पूर्ण गोल उजेड, कडा स्वच्छ. मी तो पुतण्याला दाखवला. त्याने एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाला, “काका, चांदणी दिसते.”

यापुढे माझी कसोटी हीच. जेटच्या भोकातून गोल उजेड दिसला पाहिजे. अंडाकृती दिसला, एका बाजूने पुसट दिसला, तर अजून आत काही चिकटलेलं आहे. आणि जिथे उजेड जात नाही अशा वाटांना स्प्रेची नळी लावायची आणि दुसऱ्या तोंडातून धार येते का ते बघायचं. कार्बोरेटरच्या घशात बटरफ्लायच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं एका ओळीत आहेत. स्लोच्या वाटेत स्प्रे मारल्यावर त्यातल्या प्रत्येकातून स्वतंत्र धार यायला हवी. एकातून आली नाही. पुन्हा भिजवलं, पुन्हा मारलं, चौथ्या वेळेला तपकिरी थेंब आला आणि मागून धार.

स्प्रे मारताना गॉगल घातलाच पाहिजे. एका भोकात मारलेला स्प्रे दुसऱ्यातून सरळ डोळ्यात येतो, आणि त्यात ॲसिटोनसारखी द्रावणं असतात. ओरिंग, फ्लोट, फ्लोट वर आला की पेट्रोल अडवणारी रबरी टोकाची निडल, सगळं आधी काढून बाजूला. त्या स्प्रेने रबर फुगतं. मिश्रणाचा बारीक स्क्रू काढण्याआधी हलक्या हाताने आत फिरवून फेरे मोजले, दोन भरले. वहीत लिहिले. आत घट्ट आवळायचा नाही, टोकाला खाच पडते.

संध्याकाळी आई समया घासायला बसली होती, आमसुलाच्या पाण्याने. हिरवा पडलेला मेन जेट आणि त्याच्या वरची नळी तिच्याकडे दिली. दहा मिनिटांत पितळ सोन्यासारखं निघालं. लगेच सोड्याच्या पाण्यात घातलं, मग साध्या पाण्यात, मग फुंकून कोरडं केलं. मात्र कार्बोरेटरची बॉडी आंबट पाण्यात अजिबात नाही. ती जस्त-ॲल्युमिनियमची असते, आम्ल तिला खातं.

२ नोव्हेंबर, रविवार

आज कार्तिकी एकादशी, आईचा उपास. मला खिचडीची ताटली पडवीतच आली.

वहिनीकडे दागिने धुवायचं अल्ट्रासोनिक यंत्र आहे. कोमट पाणी, दोन थेंब भांड्यांचा साबण, त्यात दोन्ही जेट आणि मधली नळी. त्या नळीच्या अंगावर चहूबाजूंनी छिद्रं असतात, तिथे हवा पेट्रोलमध्ये मिसळून फेस होतो आणि तो फेस घशात उडतो. पाच मिनिटांनी पाणी चहासारखं झालं. मला वाटलं होतं सगळं स्वच्छ आहे. या यंत्रात पेट्रोल किंवा स्प्रे कधीच घालायचा नाही, ते तापतं आणि आतल्या ठिणगीने पेट घेऊ शकतं. बॉडी मोठी, ती गरम साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने धुतली, मग सायकलच्या हवेच्या पंपाने प्रत्येक भोकात हवा मारली. कॉम्प्रेसर नाही म्हणून अडलं नाही.

फ्लोट गरम पाण्यात बुडवून धरला. तडा असेल तर आतली हवा फुगून बुडबुडे येतात. आले नाहीत. कानाशी हलवला, आत पेट्रोल खळखळत नाही. मग फ्लोट बसवून उंची मोजली. निडल सीटला नुसती टेकलेली, स्प्रिंग दबलेली नाही, अशा स्थितीत बॉडीच्या कडेपासून फ्लोटच्या वरच्या अंगापर्यंत. मॅन्युअलमध्ये १३.७ मिलीमीटर आहे, व्हर्नियरवर माझी १३.५ आली. चालेल. प्लॅस्टिकचा फ्लोट वाकवून जुळवता येत नाही, फरक मोठा असता तर नवीनच घ्यावा लागला असता.

निडलची परीक्षा घरच्या घरी होते. पेट्रोलच्या तोंडाला स्वच्छ नळी लावून फुंकायचं. कार्बोरेटर सरळ धरला तर हवा गेली पाहिजे, उलटा धरला की फ्लोटच्या वजनाने बंद झाली पाहिजे. झाली.

जोडताना वाटीचं ओरिंग नवीन घातलं, जुनं चपटं झालं होतं. बोल्टखालचा वायसर विसरायचा नाही, पेट्रोल तिथूनच झिरपतं. स्क्रू दोन फेरे बाहेर. दुसऱ्या दोरीला सुरू झालं. चोक उघडला. वूम-वूम नाही. एकसारखा आवाज. मी काही न बोलता दहा मिनिटं नुसता ऐकत बसलो.

८ नोव्हेंबर, शनिवार

पंपाखाली ओलं. आठवडाभर कॉक उघडाच राहिला आणि कार्बोरेटर ओव्हरफ्लो होऊन पेट्रोल एअर फिल्टरपर्यंत आलंय. काका म्हणाले, “एवढं धुवून काय उपयोग झाला?” मला लागलं ते.

आधी ऑइल पाहिलं. पातळी वाढलेली आणि पेट्रोलचा वास. ओव्हरफ्लो झालेलं पेट्रोल नुसतं जमिनीवर सांडत नाही, ते सिलिंडरमधून खाली ऑइलमध्येही उतरतं. तसंच सुरू केलं असतं तर बेअरिंगांचं वाटोळं. सगळं ऑइल काढून नवीन १०डब्ल्यू-३० भरलं, ०.६ लीटर.

वाटी उघडली. निडलच्या रबरी टोकावर तांबूस कण, एकच, राईच्या दाण्याच्या पाव भाग. तेवढ्या कणाने निडल बसू दिली नाही. बोटावर घेऊन चोळला तर गंज. म्हणजे टाकी. मी कार्बोरेटर इतका निगुतीने धुतला आणि वरची टाकी तशीच ठेवली, तिच्यातलं सगळं पुन्हा खाली येणारच होतं.

९ नोव्हेंबर, रविवार

टाकी काढली. टॉर्च टाकून पाहिलं, तळाला तांबडी कड, पाण्याची रेघ जिथपर्यंत होती तिथपर्यंत बरोबर. जुनं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतून ठेवलं होतं, त्यात आता दोन थर स्पष्ट दिसतात. वर पिवळसर पेट्रोल, खाली बोटभर गढूळ.

इथे इथेनॉलचं सांगायला हवं. फेब्रुवारी २०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि आता तेच सगळीकडे मिळतं. इथेनॉल पाण्याला जवळ करतं. अर्ध्या भरलेल्या टाकीत वरची हवा दमट असते, रात्री गार झाली की पत्र्यावर पाणी सुटतं, ते इथेनॉल ओढून घेतं. थोडं पाणी पेट्रोलमध्ये मुरलेलं राहतं. जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल दोघं मिळून पेट्रोलमधून बाहेर पडतात आणि तळाशी बसतात. कॉक तळाशीच असतो. म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत पहिल्यांदा उतरतं ते हेच.

पुतण्याला दाखवायला एक प्रयोग केला. औषधाच्या मापाच्या उभ्या काचेत १० मिली पाणी, त्यावर पेट्रोल पंपावरून आणलेलं ताजं पेट्रोल ५० मिली. बुच लावून हलवलं, दहा मिनिटं ठेवलं. पाण्याची रेघ १० वरून जवळजवळ २० वर आली. पाणी वाढलं नाही, पेट्रोलमधलं इथेनॉल खाली पाण्यात उतरलं. त्याने तीन वेळा वाकून रेघ वाचली.

टाकीला लिंबूसत्त्व. आधी साबणाने धुऊन पेट्रोलचा वास घालवला. मग एक लीटर कढत पाण्यात १०० ग्रॅम विरघळवून ओतलं, सोबत बारा बारीक नट. हलवत, उलटसुलट करत चार तास. पाणी काळपट हिरवं निघालं. बारा नट मोजून बाहेर काढले, हे मोजणं चुकवायचं नाही. सोड्याच्या पाण्याने धुतलं, साध्या पाण्याने धुतलं, उन्हात उलटी ठेवली आणि कोरडी झाल्याबरोबर थोडं ऑइल घालून आतून फिरवलं. उघडा पत्रा कोकणच्या हवेत रात्रभर राहिला तर सकाळी पुन्हा तांबडा.

टाकीच्या तोंडाची जाळी आणि कॉकखालची छोटी गाळाची वाटीही काढून धुतली. त्या वाटीत पाव चमचा चिखल होता. दहा नंबरच्या पान्याने अर्ध्या मिनिटात निघते ती, इतकी वर्षं मी ती उघडलीच नव्हती. कार्बोरेटर तिसऱ्यांदा उघडला, निडल आणि सीट पुसली, फुंकून पाहिलं, बंद केला.

वापरलेलं सगळं पेट्रोल आणि ऑइल डब्यात बंद करून ठेवलंय, जळकं ऑइल नेणारा आला की देईन. सुपारीच्या बुंध्यात किंवा पऱ्यात ते जाता कामा नये.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पंप ठीक. आज हात लागले आहेत तर ग्रासकटरही घेतला. टू-स्ट्रोक, त्याच्या कार्बोरेटरला वाटी-फ्लोट नसतो, कारण मशीन खांद्यावर कसंही तिरकं होतं. फ्लोटचं काम पातळ पडदा करतो. माझा पडदा उडदाच्या पापडासारखा कडक झालेला, बोटाने दाबला तर कडकड वाजला. असा पडदा धुऊन उपयोग नाही, आणि स्प्रे तर त्याच्यावर मारायचाच नाही. नवीन संच आणला. या कार्बोरेटरला पडद्याच्या बाजूला आधी पॅकिंग मग पडदा, आणि कार्बोरेटरच्या आतल्या, पेट्रोल ओढणाऱ्या पंपाच्या बाजूला उलट, आधी पडदा मग पॅकिंग. फोटो काढला होता म्हणून चुकलं नाही. आतली नखाएवढी जाळी ब्रशने साफ केली. एवढंच काम.

१६ नोव्हेंबर, रविवार

तालुक्याला पडद्याच्या संचासाठी चार दुकानं फिरावी लागली होती. एका गॅरेजातला मुलगा म्हणाला, “कार्बोरेटर आम्ही फारसे उघडत नाही आता.” त्याचंही खरं. एप्रिल २०२० मध्ये धुराचे बीएस-सहा नियम आले आणि बहुतेक नव्या मोटरसायकलींमधून कार्बोरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. जुन्या मिस्त्र्यांकडे काम शिकायला गेलेल्या पोरांच्या हातात कार्बोरेटर येईनासा झाला. पण शेतातले पंप, ग्रासकटर, पॉवर वीडर, फवारणीचे पंप अजून त्याच्यावरच चालतात. वाडीवाडीत आहेत ते. म्हणून पुतण्याला मी नुसता बघायला बसवत नाही. आज जुना कार्बोरेटर त्याच्याकडून पूर्ण उघडवला आणि पूर्ण जोडवला. स्लो जेट त्याने न सांगता काढला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पहिलं शिंपणं. पंप पऱ्यावर नेला, पाण्याने भरून घेतला, पहिल्या दोरीला इंजिन सुरू. दोन तास दहा मिनिटं अखंड. चोक पूर्ण उघडा, आवाजात चढउतार नाही. काका पाटाच्या शेवटाला फावडं घेऊन उभे होते, शेवटच्या ओळीतल्या आळ्यात पाणी पोचलं तेव्हा त्यांनी हात वर केला.

बंद करताना स्विच दाबला नाही. कॉक बंद केला आणि इंजिन वाटीतलं पेट्रोल संपवून आपोआप थांबेपर्यंत उभा राहिलो. मग वाटीचा खालचा स्क्रू सैल केला, काचेच्या वाटीत तीन-चार थेंब आले. उजेडाकडे धरले. पाण्याचा मणी नाही, कण नाही, वास ताज्या पेट्रोलचा. प्लग काढून पाहिला, टोक फिकट तपकिरी, मिश्रण बरोबर. फट ०.७ मिलीमीटर, तशीच ठेवली.

टाकीच्या झाकणावर पुतण्याने खडूने तारीख लिहिली आहे, पेट्रोल भरल्याची. महिन्यावर गेलं की ते काढून स्कूटरमध्ये घालायचं आणि पंपात नवीन भरायचं, असं ठरलंय. गाळाची वाटी आता जानेवारीत उघडेन.